रविवार, रेल्वे आणि उल्हासचं पाणी

आजची गोष्ट एका सहलीपासून सुरू होते.

मे महिन्यातला रविवार. आम्ही चौघं मित्र सकाळी बेलवलीहून चालत निघालो. पाठीवर हवा भरायची एक कयाक, पंप, वल्ही, लाइफ जॅकेटं आणि डब्यात पोहे. पश्चिमेला नदी गाठली. पश्चिम म्हणजे रेल्वेच्या भाषेतली पश्चिम, बरं का. कल्याणहून निघालेली गाडी इथं येईपर्यंत आग्नेयेकडे वळलेली असते, त्यामुळे बदलापुरात स्टेशनच्या ‘पश्चिमेला’ सूर्य उगवतो आणि ‘पूर्वेला’ डोंगरांमागं मावळतो. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पाहुणा मात्र गोंधळतो.

कयाक एकच, म्हणून दोघं पाण्यात आणि दोघं काठानं चालत. अर्ध्या तासानं अदलाबदल. बदलापूर हे नाव इथं घोडे बदलायचे म्हणून पडलं, असं सांगतात. आमचं वल्ही बदलणं चाललं होतं. घाई कसलीच नव्हती. तेवढ्यात एकानं विचारलं, “अरे, मेमध्ये या नदीला इतकं पाणी कसं काय?”

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना मला जाणवलं की आमच्या त्या सकाळीतली एकही गोष्ट आपोआप आलेली नव्हती. सुट्टी, गाडी, होडी, पाणी. आज या चारही गोष्टींचा माग काढू.

आधी सुट्टी. चालणं आपल्याला नवं नाही. वारीला माणसं चालतात, बाजाराला चालायची, लेकीच्या सासरी चालत जायची. काम नसताना, नुसतं मजेत चालायला जाणं मात्र नवं आहे, कारण त्यासाठी मोकळा दिवस लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना असा ठरलेला दिवस नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० च्या एप्रिलमधल्या सभेला हजारो कामगार आले, आणि त्यात बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपण ‘संडे आहे, जाऊ या कुठेतरी’ असं सहज म्हणतो ना, त्या सहजपणामागं ही लढाई आहे.

दुसरी गोष्ट गाडी. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ ची, हे सगळ्यांना पाठ असतं. ती पुढच्या वर्षी कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये याच बदलापुरावरून खोपोलीकडे गेली. बोरघाट चढून वर जायला १८६३ उजाडलं. त्या घाटात बोगदे खोदताना, पूल बांधताना, पटकीच्या साथींत हजारो मजूर दगावले. त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

पण या रुळांनी डोंगर जवळ आणले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मालेट १८५० मध्ये माथेरानवर चढला, तेव्हा रेल्वे नव्हती. त्यानं माथेरान ‘शोधलं’ असं पुस्तकात लिहितात. ठाकर, धनगर, कातकरी तिथं आधीपासून वावरत होते, त्यांना ते हरवलेलं कधी वाटलंच नव्हतं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली आणि माथेरान सुट्टीचं गाव झालं. पुढं १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था उभी राहिली, गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला किल्ल्यांचं वेड लावलं, आणि शनिवारी रात्रीच्या कर्जत लोकलमध्ये पाठपिशव्या दिसू लागल्या. चंदेरी, पेब, राजमाची, सगळं या एका लोकलच्या टप्प्यात.

तिसरी होडी. कयाक ही मुळात मौजेची वस्तू नाहीच. आर्क्टिक प्रदेशातल्या इन्यूट लोकांची ती शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं, दुहेरी पात्याच्या वल्ह्यानं चालवायची. बायकांनी शिवलेली ती शिवण उसवली तर शिकारी घरी परतायचा नाही, इतका जिवाचा मामला. तिच्यावरून कल्पना घेऊन जॉन मॅक्ग्रेगर नावाच्या माणसानं स्वतःसाठी हलकी होडी बनवून घेतली आणि १८६५ मध्ये तो युरोपातल्या नद्यांवर भटकला. नदी संपली की होडी गाडीत टाकायची, दुसरी नदी गाठायची. पुढच्या वर्षी त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, ते तुफान गाजलं, आणि होडीतून रमतगमत फिरणं हा एक छंद झाला. म्हणजे बघा, तिकडंही होडीचा छंद रेल्वेच्याच आधारानं वाढला. दुसऱ्याचं पोटापाण्याचं साधन आपल्या हातात खेळ म्हणून आलं.

आणि आता पाणी. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर.

घाटाखालच्या कितीतरी नद्या मेपर्यंत डोहाडोहांत तुटलेल्या असतात. उल्हास वाहती राहते, त्याला मोठं कारण आहे भिवपुरीचं वीजघर. घाटावर मावळात आंद्रा नावाची नदी आहे. तिचं पाणी इंद्रायणीला, मग भीमेला, मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी तिच्यावर ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कर्जतच्या बाजूला सोडलं आणि १९२२ मध्ये भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. त्या विजेवर मुंबई चालली. जनित्रं फिरवून झालेलं पाणी उल्हासमध्ये उतरतं आणि आता अरबी समुद्राला जातं. बेलवलीजवळ आमच्या कयाकखाली जे वाहत होतं, त्यातलं बरंचसं मावळचं पाणी होतं.

हीच गोष्ट कोलाडला आणखी ठळक दिसते. कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग आणि कयाकिंग आता सगळ्यांना माहीत आहे. तिथं सकाळी वीजघराचं पाणी सुटतं, त्यावरच सगळा खेळ चालतो. ते पाणी मुळशीच्या धरणातून भिऱ्याला येतं. आणि मुळशी म्हटलं की सत्याग्रह आठवायला हवा. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाचं काम अडवलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते, तुरुंगात गेले, आणि याच लढ्यानं त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिलं. तीनेक वर्षं झुंज चालली. धरण झालंच. १९२७ पासून भिऱ्याला वीज निघू लागली. ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्या मालकीचं तिथं काही उरलं नाही.

हे सांगून मला कुणाच्या सहलीवर विरजण घालायचं नाही. आम्हीही परत जाणार आहोत. पण आपण निसर्गात जातो असं म्हणतो, तेव्हा खरं तर आपण माणसांच्या इतिहासात जात असतो. सुट्टी कामगारांनी मिळवलेली, रूळ मजुरांनी टाकलेले, होडी शिकाऱ्यांची, पाणी वरच्या शेतकऱ्यांच्या खोऱ्यातलं. एवढं ठाऊक असलं की नदीकाठी प्लास्टिकची बाटली टाकताना हात अडखळतो. जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास बघून नुसतं नाक धरून पुढं जाववत नाही.

आणि नदी ओळखीची असली की तिची भीतीही नीट कळते. २७ जुलै २०१९ आठवतो? पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजारच्या वर माणसं. त्यांना रबरी होड्यांतून बाहेर काढलं गेलं. गावकरीही मदतीला धावले. आम्ही जिथं निवांत वल्हवत होतो, तीच ही नदी. म्हणून आमचा नियम साधा आहे: पावसाळा लागला की होडी माळ्यावर.

त्या दिवशी दहाच्या सुमारास ऊन चढलं, आम्ही कयाकमधली हवा सोडली, काठावर बसून पोहे संपवले. प्रश्न विचारणारा मित्र पाण्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे हे इंद्रायणीचं पाणी?” म्हटलं, तिच्याकडे जायला निघालेलं. त्यानं ओंजळभर पाणी उचललं, क्षणभर धरलं आणि परत नदीत सोडलं.

आज इथंच थांबतो. तुमच्या गावच्या नदीला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात.