आकडीपासून स्मरणापर्यंत

1970 साली मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. एडी भरूचा यांच्या पुढाकाराने इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली. तेव्हा आमच्या वऱ्हाडात मिरगीचं पोर आधी देवऋषाकडे जाई. फिट आली की नाकाशी कांदा, नाहीतर चप्पल. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठायला वर्षं लागत. नेमाने गोळ्या घेतल्या तर दहापैकी सातजणांच्या फिट आटोक्यात येतात, हे घराघरांत पटवायचं होतं.

त्यातच 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार येणाऱ्या फिट वेडाच्या पंक्तीला बसल्या. लग्न रद्द करून घ्यायला कारण मिळालं. किती लेकींनी सासरी गोळ्या लपवून खाल्ल्या असतील! संघटनेने पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर 1999 मध्ये अपस्माराचा, म्हणजे मिरगीचा, उल्लेख कायद्यातून गेला. संघटनेची सर्वांत मोठी कमाई मी हीच मानतो.

पण फिट थांबल्यावरही एखादी आई डॉक्टरांना विचारतेच, "काल पाठ केलेलं आज याच्या ध्यानातच राहत नाही जी, असं कसं?" या प्रश्नाच्या उत्तराचा माग प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिला आहे. 1969 मध्ये ग्रॅहम गोडार्ड यांनी दाखवलं, की उंदराच्या मेंदूला रोज दिलेला अगदी हलका विजेचा झटकाही काही दिवसांनी आकडी आणतो, आणि मेंदूतला हा बदल टिकून राहतो. गढूळ पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा निरोगी उंदीर काही दिवसांत लक्षात ठेवून थेट गाठतो. अपस्मार जडवलेला उंदीर मात्र पोहतच राहतो. जागेची खूण ठेवणाऱ्या त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशीच डळमळलेल्या असतात, असं 2003 मध्ये दिसलं. 2010 च्या प्रयोगात तर आकडी नसतानाही, नेमक्या आठवण्याच्या क्षणी मेंदूत उसळलेल्या विद्युतलहरीने उंदीर चुकला.

म्हणजे ते पोर आळशी नाही, मठ्ठ नाही. मास्तरांनी त्याला बाकावर उभं करणं हा अन्याय आहे, आणि संघटनेचं पुढचं काम मला इथेच दिसतं. कायद्यातही काम उरलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. दीर्घकालीन मेंदूविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं स्वतंत्र घेतली आहेत. अपस्माराचं नाव त्या यादीत अजून नाही.