तळीरामाच्या हातचा पेला

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, तेव्हा सूत्रधारामागून विदूषक यायचा, चाळे करून लोकांना हसवायचा आणि मग देव-राक्षसांचे गंभीर काम सुरू व्हायचे. पुढे मुख्य नाटक आटोपल्यावर वेगळा फार्स लावण्याची चाल पडली. रडायचे आधी, हसायचे मागाहून. दोन्हींची सरमिसळ नको, असा एकूण व्यवहार होता. वि. ज. कीर्तन्यांनी १८६१ साली 'थोरले माधवराव पेशवे' नायकाच्या मृत्यूपर्यंत नेऊन संस्कृत नाटकाचा संकेत मोडला, पण हसण्याचे बिऱ्हाड वेगळे ते वेगळेच राहिले. देवलांच्या 'शारदे'त (१८९९) हसणे आणि रडणे पहिल्यांदा नीट एकत्र आले. भुजंगनाथाच्या म्हातारपणच्या लग्नहौसेवर प्रेक्षक पोट धरून हसतात आणि तीच हौस शारदेला जीव द्यायला घराबाहेर काढते. देवलांनी मात्र तिला वाचवले, आणि हसणाऱ्यांचीही सुटका झाली.

राम गणेश गडकऱ्यांनी ती सुटका दिली नाही. 'एकच प्याला'तला तळीराम हा विनोदी पात्र म्हणून ओळखला जातो. माझ्या मते त्या शोकांतिकेची कळ त्याच्याच हातात आहे. वकील सुधाकरची सनद काही काळासाठी रद्द होते, अपमानाने तो तळमळतो, आणि त्याला पहिला पेला देतो तो तळीरामच. पुढे आर्यमदिरामंडळात शास्त्रीबुवांपासून खुदाबक्षापर्यंत सगळे एका पंगतीला बसतात. सभा-संमेलनांच्या त्या काळात दारुड्यांनी रीतसर मंडळ काढावे, दारूची बाजू तर्कशुद्ध भाषेत मांडावी, याला थिएटर डोक्यावर घेत असे. इकडे सुधाकरची बायको सिंधू जात्यावर दळण दळत असते. सुधाकर दारूच्या धुंदीत तान्ह्या मुलाचा जीव घेतो, तेव्हा आधीच्या प्रवेशातले आपले हसणे आपल्यालाच आठवते.

यावर जुना आक्षेप असा, की हा विनोद पिटातल्या लोकांसाठी आहे; मंडळाचे प्रवेश गाळले तरी सिंधूची कथा उभी राहते. कथा राहील, हे खरे. मंडळातली काही भाषणे लांबली आहेत आणि कोट्यांची हौस गडकऱ्यांना आवरत नाही, हेही मान्य. पण ते प्रवेश काढले की सुधाकर एकटा दुर्बळ माणूस उरतो आणि दारूची गोडी कुठेच दिसत नाही. ती गोडी प्रेक्षकाने स्वतः चाखल्याशिवाय सुधाकर वारंवार मंडळाकडे का वळतो, हे त्याला कसे पटणार? दुसरे म्हणणे, ही सरमिसळ शेक्सपिअरची नक्कल आहे. शेक्सपिअरचा वारा आपल्याकडे होताच. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' १८८३ मध्येच लिहिले होते. तरी 'हॅम्लेट'मधला थडगी खणणारा विनोदी माणूस हॅम्लेटला मारत नाही. तळीराम मारतो, हसत हसत आणि अगदी मित्रभावाने.

शिवाय गडकऱ्यांच्या ठायी रडवणारा आणि हसवणारा ही दोन्ही माणसे मुळातच एका घरात नांदत होती. गोविंदाग्रज या नावाने ते काळीज पिळवटणारी कविता लिहीत, बाळकराम या नावाने विनोदी लेख. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी ते गेले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. सुधाकर होते गणपतराव बोडस. भरजरी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि लोक ढसाढसा रडले. त्याच रात्री त्याच लोकांनी तळीरामाला टाळ्याही दिल्या.

त्या टाळ्या अजून थांबलेल्या नाहीत. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडले की मराठी वर्तमानपत्रे आजही मथळ्यात 'तळीराम' छापतात. सुधाकर कुणी छापत नाही.