ठासणीची बंदूक: कशी चालते, परवाना कसा मिळतो आणि सशावर का चालवता येत नाही

यूट्यूबवर 'मझललोडर' असं शोधलं की अमेरिकेतल्या जंगलात एक दाढीवाला माणूस पांढऱ्या धुराचा लोट काढत खारी टिपताना दिसतो. दोन-चार व्हिडिओ बघितले की अल्गोरिदम आणखी वीस दाखवतो. मग गावाकडचा मित्र मला विचारतो, "भावा, ही तर जुनी बंदूक आहे, काडतूसही नाही. हिला परवाना कशाला? ऑनलाइन मिळते का?" पाटण आणि शिराळ्याकडच्या मित्रांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय की एकदाच नीट लिहून ठेवतो.

थोडक्यात उत्तर: भारतात परवाना लागतो. ऑनलाइन मिळत नाही. परवाना असला तरी तिने ससा मारता येत नाही. पण शेतकऱ्यासाठी याच बंदुकीबद्दल कायद्यात एक खास तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

आधी यंत्र समजून घेऊ

आजच्या बंदुकीत काडतूस मागून, चापाच्या बाजूने जातं. ठासणीच्या बंदुकीत सगळं पुढून, नळीच्या तोंडातून जातं. आधी दारू (प्यायची नव्हे, उडवायची), मग गोळी किंवा छर्रे, आणि ते सगळं लांब गजाने आतपर्यंत ठासायचं. आपण 'गाडी ठासून भरली' म्हणतो त्यातली क्रिया हीच.

पेटवायच्या तीन पद्धती होऊन गेल्या. सगळ्यात जुनी तोड्याची: जळती वात रंजकाला लागते, म्हणजे नळीच्या बाहेर कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूला, आणि कानातून जाळ आत शिरतो. नंतर आली चकमकीची, ज्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. एकोणिसाव्या शतकात आली टोपीची. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि ठिणगी थेट आत जाते. पावसात पहिल्या दोन्ही पद्धती रुसतात, टोपी त्या मानाने बरी.

बंदूक आणि रायफल यातला फरक बऱ्याच जणांचा चुकतो. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत पिळाचे आटे पाडलेले असतील तर रायफल. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते, भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो तसं. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट शाळेत वाचलेली असते, ती ज्या १८५३ च्या एनफिल्डची, तीही पुढून भरायचीच रायफल होती. ते काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी.

'छोटी' म्हणजे किती छोटी?

अमेरिकेत खार-ससा यासाठी .३२ किंवा .३६ कॅलिबरची ठासणीची रायफल वापरतात. तिकडच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात बहुतेक ठासणीची शस्त्रं 'फायरआर्म' या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून अनेक राज्यांत ती कुरिअरने घरी येतात. व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नाही, तो फक्त वेगळ्या देशात राहतो.

आता गणित करू. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. .३२ ची शिशाची गोल गोळी साधारण ३ ग्रॅमची असते. वेग सेकंदाला ५२० मीटर धरला तर ऊर्जा येते सुमारे ४०० ज्यूल. ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर रायफलचा छर्रा अर्धा ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, ऊर्जा ८ ज्यूल. म्हणजे खारीसाठीची 'छोटी' बंदूक त्या एअर रायफलच्या पन्नास पट जोराची. खेळणं म्हणून तिच्याकडे बघायचं कारण नाही.

हे गणित लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे कायद्याची एक रेषाच ज्यूलमध्ये आखलेली आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय, ओळखपत्र दाखवून घेता येते. त्यापुढे परवाना. जाहिरातीत '१००० एफपीएस' लिहिलेलं असेल तर १००० ला ०.३०४८ ने गुणा, सेकंदाला ३०५ मीटर मिळतील. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याला हा वेग खरंच मिळाला तर ऊर्जा २३ ज्यूल होते, रेषेच्या पलीकडे. ८०० एफपीएसला सुमारे १५ ज्यूल. बहुतेक विक्रेते हलका छर्रा वापरून आकडा फुगवतात हा भाग वेगळा, पण 'कार्ट'मध्ये टाकण्याआधी कॅल्क्युलेटर उघडायला अर्धा मिनिट लागतो.

परवाना: कलम १३ नीट वाचा

शस्त्र कायदा १९५९ मध्ये कलम ३ म्हणतं की परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगायचं नाही. ठासणीची असो की नवी, सूट नाही. वयाची अट २१ पूर्ण. विनापरवाना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, वर दंड. गावठी बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

आता ती खास तरतूद. कलम १३ च्या पोटकलम ३ मध्ये असं आहे की खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. इतर बहुतेक शस्त्रांसाठी 'सबळ कारण' सिद्ध करावं लागतं, इथे शेत आणि पिकाचं नुकसान हेच कारण. लक्षात घ्या, ही सवलत बंदुकीला आहे, आटे असलेल्या रायफलला नाही.

कलम १४ मधलं एक वाक्य मला फार आवडतं: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला इथे सारखे. अर्थात पोलिसांचा अहवाल, सार्वजनिक शांतता, अर्जदाराची मानसिक स्थिती या कारणांनी नकार येऊ शकतो, आणि येतोही.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज गृह मंत्रालयाच्या एनडाल-आलिस पोर्टलवर भरायचा (पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना बघा, एजंटांच्या नकली साइट्स असतात). नमुना ए-१, ओळखपत्र, फोटो, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि पीकसंरक्षणासाठी सातबारा. मग फाइल पोलीस ठाण्याकडे जाते आणि खरा वेळ तिथे लागतो. आधी झालेल्या नुकसानीचे वनविभागाचे पंचनामे असतील तर जोडा, अर्जाला वजन येतं. परवान्यासोबत यूआयएन हा क्रमांक मिळतो. तो नसलेला जुना परवाना आज वैध धरला जात नाही. नकार आला तर लेखी कारण मागा, कलम १८ खाली अपील करता येतं.

खरेदी फक्त परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून. इन्स्टावरचा 'डीएम फॉर प्राइस' हा विक्रेता नव्हे, तो एकतर फसवणूक आहे किंवा गुन्हा, बऱ्याचदा दोन्ही.

तुमचं गाव कुठे आहे?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४ सांगतं की अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वनविभागाकडे नोंदणी करायची, आणि या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचा नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू आहे.

आपल्याकडे ही साधी अट नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या कडेने पाटण, जावळी, शिराळा तालुक्यातली कितीतरी गावं येतात. आणि सपाटीवरच्यांनी निर्धास्त राहू नये: सागरेश्वर अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, पण १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की देवराष्ट्रे, कुंडल, ताकारी सगळं आत. गुगल मॅप्सवर अभयारण्याच्या हद्दीवर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' निवडा आणि घरापर्यंत रेघ ओढा. अधिकृत पुरावा नाही, पण अर्ज कुठल्या वाटेने जाणार याचा अंदाज येतो.

आणि ससा?

नाही. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती व्यवस्था संपली. आज ससा अनुसूची २ मध्ये, रानडुक्करही २ मध्ये, गवा, मोर आणि घोरपड १ मध्ये. तितर-लावाही संरक्षित. ससा मारला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं. 'लागलाच नाही' हा बचाव चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत प्रयत्न म्हणजेही शिकार. फासे लावणं, हाका घालणं, सगळं त्यात. एअरगनने पाखरं मारणंही त्यातच. हा कायदा किती गंभीरपणे लागतो ते शिराळकरांना वेगळं सांगायला नको. तिथली जिवंत नागांची नागपंचमी उच्च न्यायालयाच्या आदेशाने याच कायद्यावर थांबली.

मग पीकसंरक्षणाची बंदूक कशाला, असं विचाराल. बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नाही. रानडुकराने उभं पीक उद्ध्वस्त केलं तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. दोन वेगळे कागद, दोन वेगळी खाती. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, त्यामुळे मटणाचा बेत रद्द. व्यवहारात ही बंदूक हवेत बार काढून कळप पांगवायलाच जास्त उपयोगी पडते.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर भुईमूग आणि भात वाचवायला बंदूक हा शेवटचा उपाय आहे. रात्रभर जागणारा माणूस लागतो. सौर झटका मशीन त्यापेक्षा स्वस्त आणि झोप देणारं. पण घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडू नका, त्याने डुकराआधी माणसं मरतात. नुकसान झालं की मोबाइलवर तारीख-वेळ आणि लोकेशनसह फोटो काढा आणि लगेच वनविभागाला कळवा. 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर १९२६.

आजोबांची माळ्यावरची बंदूक

बऱ्याच वाड्यांत एखादी गंजलेली असतेच. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि ते वारले असतील तर तो आपोआप नातवाकडे येत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने नवा अर्ज करायचा. परवानाच कधी नसेल तर कलम ४५ बघा: जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र वगळलेलं आहे, पण दुरुस्ती करूनही ते चालू शकत नसेल तरच. 'चालत नाही' आणि 'चालूच शकत नाही' यात फरक आहे आणि तो तुम्ही ठरवायचा नाही. वकिलाशी बोला, मग ठाण्यात जा.

तोवर ती भरून बघू नका. नळीत शंभर वर्षांपूर्वीचा बार अजून तसाच असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते. फटाक्यातली दारू भरणं तर आत्महत्या: तिचं जळणं वेगळं असतं, नळी फाटते आणि चेहरा नेमका तिच्या मागे असतो. तिच्यासोबत रील काढणं हाही मूर्खपणा. लग्नात हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असतो. परवाना असलेल्यांनीही ध्यानात ठेवा: निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश येऊ शकतो.

नेम धरायचीच हौस असेल तर

रायफल क्लब शोधा. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला नेमबाजीसाठी .२२ रायफल किंवा एअर रायफलचा परवाना हाही कलम १३ च्या त्याच पोटकलमात आहे, ठासणीच्या बंदुकीच्या शेजारी. सुरुवातीला तोही लागत नाही. २० ज्यूलखालची .१७७ एअर रायफल काही हजारांत मिळते, छर्रे स्वस्त, १० मीटर जागा पुरते, मागे छर्रा अडवणारी भक्कम भिंत हवी. सांगलीच्या शेजारी कोल्हापूर आहे. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धाही होतात, एमएलएआयसी ही संस्था त्या भरवते. तिथे लक्ष्य कागदाचं असतं.