माती, मीठ, मग दगड

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांवरच्या उपचारांचा आहे. हाड जागेवर कसे बसवावे, झाडांच्या साली लावून ते कसे बांधावे, कोणत्या ऋतूत किती दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी, हे सारे त्यात आहे. त्यातच हाताच्या दुखापतीसंबंधी एक लहानशी सूचना येते. रुग्णाने हातात आधी मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आले की दगड.

फिजिओथेरपीच्या नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हे तीन शब्द फळ्यावर लिहून देते. या पुस्तकातील सगळी प्रकरणे म्हणजे त्या तीन शब्दांचाच विस्तार आहे. त्या काळच्या वैद्यांनी पेशी पाहिल्या नव्हत्या, पण हात नीट पाहिला होता. बरा होत आलेला हात नुसता जपून भागत नाही, त्याला काम द्यावे लागते आणि ते काम बेताबेताने वाढवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

धावणारे आणि डोंगरवाटांवर सायकल चालवणारे यांच्या दुखापती, आणि त्या भरून येत असताना हालचाल चालू ठेवण्याचे शास्त्र, हा या पुस्तकाचा विषय. महाराष्ट्रात तो आता घरोघरी पोहोचला आहे. २००४पासून मुंबई मॅरेथॉन भरते, २०१२पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉन. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अवघा खंड ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. चाळिशी ओलांडलेली माणसे आयुष्यात पहिल्यांदा बूट बांधून पहाटे टेकडी गाठू लागली. हे फार चांगले झाले. त्यामागोमाग दुखरे गुडघे, धरलेल्या टाचा आणि मोडलेली मनगटेही आली. त्यांच्याशी कसे वागायचे, हे मराठीत सविस्तर सांगावे असे मला कित्येक वर्षे वाटत होते.

दुखण्याशी वागण्याच्या दोन तऱ्हा आपल्या बोलण्यात पक्क्या रुजल्या आहेत. एक 'अंथरूण धरणे', दुसरी 'अंगावर काढणे'. माझ्याकडे येणारे बहुतेक जण यांपैकी एक, आणि पुष्कळदा दोन्ही, करून आलेले असतात. आधी दोन महिने गोळी घेऊन धावलेले, मग घाबरून दोन महिने सोफ्यावर बसलेले, मग एका रविवारी मित्रांच्या आग्रहाने थेट दहा किलोमीटर पळून परत लंगडत आलेले.

अंथरूण धरण्यामागे मोठी परंपरा आहे. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले डॉक्टर. दुखऱ्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती मिळालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाच्या स्प्लिंटने पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. जवळपास त्याच काळात पॅरिसमध्ये शल्यविशारद ल्यूका-शांपिओनिएर उलट सांगत होते: हाड मोडले तरी लवकर हालचाल सुरू करा, मालिश करा. दोघांच्याही पाठीशी बरे झालेले रुग्ण होते. आज आपण त्यांच्या वादातला प्रश्न जरा वेगळा विचारतो. कोणत्या अवयवाला, कोणत्या आठवड्यात, किती भार?

पडून राहण्याची किंमत किती असते, याचा सर्वांत बोलका पुरावा डॅलसमधला आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवले. शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकते, ही त्यांची क्षमता तेवढ्यात एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. ते पन्नाशीत आले होते, अंगाने वाढले होते. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जेवढी उतरली, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत उतरली होती. घोटा मुरगळला म्हणून महिनाभर सगळेच बंद करणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत सांगते. मुरगळतो तो घोटा. हृदय, फुप्फुसे, दुसरा पाय आणि दोन्ही हात शाबूत असतात.

दुसरा पाय तर आजारी पायाच्या कामीही येतो. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की एका हाताला सराव दिला तर सराव न केलेल्या हाताचीही ताकद काही अंशी वाढते. मज्जासंस्था शिकते ती दोन्ही बाजूंसाठी. एक पाय प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्याचा व्यायाम चालू ठेवायला आम्ही सांगतो, त्याचे मूळ तिथे आहे.

आता खुद्द दुखऱ्या भागाकडे वळू. १८९२मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी असे मांडले, की हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते. हाडात खोल बसलेल्या पेशींभोवती केसाहून बारीक नळ्या असतात. भार पडला की त्यांतला द्रव हलतो, पेशींना त्याची चाहूल लागते आणि त्या बांधकामाचे किंवा पाडकामाचे निरोप धाडतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेतल्या पेशीही ताण असाच ओळखतात. भार हा शरीराचा निरोप्या आहे. तो आलाच नाही तर बांधकाम रेंगाळते. झुंडीने आला तर भिंत पडते. म्हणून या शास्त्रात औषधासारखाच 'मात्रा' हा शब्द मध्यवर्ती आहे. मात्रा लागू पडते, चुकते, आणि ती रोज नव्याने ठरवावी लागते.

हा विचार धावणाऱ्यांच्या उपचारात आणण्याचे मोठे श्रेय स्वीडनला जाते. उमेओचे शल्यविशारद होकान आल्फ्रेडसन स्वतः टाचेमागच्या कंडरेच्या, म्हणजे अ‍ॅकिलिसच्या, जुनाट दुखण्याने हैराण होते. दुखते म्हणून थांबायचे सोडून त्यांनी त्या कंडरेवर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. १९९८मध्ये त्यांनी हौशी धावणाऱ्या १५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढच्या संशोधनात भार देण्याच्या इतर पद्धतीही तितक्याच उपयोगी ठरल्या, आणि एकच पद्धत सगळ्यांना मानवत नाही हेही दिसले. पण भाराची भीती मोडली ती इथे.

तरी वाचकाच्या मनातला खरा प्रश्न उरतोच: या काळात धावायचे की नाही? स्वीडनमधल्याच योटेबोरीच्या कारिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये नेमका तोच तपासला. अ‍ॅकिलिस दुखणाऱ्या ३८ जणांचे दोन गट केले. व्यायाम दोन्ही गटांना सारखे. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणे आणि उड्या बंद ठेवल्या. दुसऱ्याने त्या चालू ठेवल्या, पण एका नियमाने: वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे, पाचापर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ती उतरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. धावत राहिल्याने कोणाचे बिघडले नव्हते.

या नियमाची प्रचिती मी स्वतःच्या टाचेवर घेतली आहे. यवतेश्वरच्या तयारीत चढाचा सराव मी फार घाईने वाढवला आणि डावी कंडरा धरली. सकाळी पलंगावरून उतरल्यावर न्हाणीघरापर्यंतची सात-आठ पावले भिंतीला हात लावून टाकत असे. आमच्या इमारतीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, एका हाताने कठडा धरून, मी टाच खाली सोडण्याचा व्यायाम करी. दूधवाला रोज बाजूने वाट काढून वर जाई. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मी त्या सात-आठ पावलांचे गुण लिहू लागले. सहा, सहा, पाच, सात, चार. आकडा वाढला की त्या दिवशी धावणे नाही, सायकल. घटला की सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर. त्या वहीने मला दोन्ही टोकांपासून वाचवले. मोजू लागल्यावर वेदना शत्रू वाटेनाशी झाली. तिचे म्हणणे ऐकू येऊ लागले.

धावणे आणि सायकल यांची जोडी इथे फार उपयोगी पडते, कारण दोघांची मागणी वेगळी आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने वर ढकलते, आणि अ‍ॅकिलिसवरचा ताण वजनाच्या सहापटीच्याही पुढे जातो. बेताच्या वेगाने सायकल चालवताना तोच ताण साधारण वजनाच्या आतच राहतो. म्हणून टाच दुखत असताना सायकल दमसास टिकवते आणि कंडरेला उसंत देते. पण सायकलला तिचे स्वतःचे हट्ट आहेत. सीट खाली असेल आणि जड गिअरवर चढ चढत असाल, तर गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. वाटी दुखणाऱ्याने आधी सीटची उंची पाहावी. नुसती रस्त्यावरची सायकल हाडांना पुरेसे हादरे देत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे तेवढीच चालवणाऱ्यांची हाडे विरळ होऊ शकतात. डोंगरवाटांवर चालवणाऱ्यांची हाडे त्या मानाने घट्ट आढळली आहेत, कारण दगडधोंड्यांचा मार हाडांपर्यंत पोहोचतो. तोच मार हँडलवरून उडालेल्याच्या गळ्याचे हाड आणि मनगट मोडतो. ज्याचा पाय दुखतो तो सायकलकडे वळतो. ज्याचा हात मोडला आहे तो डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घरातल्या स्थिर सायकलकडे, मग चालण्याकडे, मग सपाट मैदानावरच्या धावण्याकडे.

एक इशारा मात्र इथे ठळक अक्षरांत वाचावा. कंडरेला लागू असलेला पाच गुणांचा नियम हाडाला लावायचा नाही. नडगीवर, पावलावर किंवा जांघेत बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी. जांघेतल्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेच्या तड्याकडे दुर्लक्ष झाले तर हाड पूर्ण मोडू शकते. अशा वेळी धावणे त्या क्षणी थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तो थांबाही मात्रेचाच भाग आहे. पोटभर न खाता, वजन उतरवण्याच्या नादात धावणाऱ्यांची हाडे अशी लवकर थकतात. म्हणून या पुस्तकात ताटावरही एक प्रकरण आहे.

मागे एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या उतारावर पुढचे चाक अडकून तो पडला होता आणि उजवे मनगट मोडले होते. प्लास्टर निघाले तेव्हा हात काडीसारखा झाला होता. मूठ वळत नव्हती. सायकल विकून टाकतो, म्हणाला. मी त्याच्या आईला सांगितले, की रोज संध्याकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा याच्या हाती द्या. तो कणीक दाबू लागला. तीन आठवड्यांनी ओला पंचा पिळू लागला. मग घरात उभ्या सायकलवर बसून ब्रेक दाबणे, आधी दोन बोटांनी, मग एका. दरम्यान तो मैदानावर धावत होता, त्यामुळे दम टिकून होता. पुन्हा टेकडीवर गेला त्या दिवशी त्याने उतारावर सायकल हाती धरून चालत नेली, एवढेच. मला ते फार आवडले. त्याला पायरी कळली होती.

हे पुस्तक धावणाऱ्यांसाठी आणि सायकल चालवणाऱ्यांसाठी आहे, तसे त्यांना 'आता पुरे कर' किंवा 'काही होत नाही' असे सांगणाऱ्या घरच्यांसाठीही आहे. तालमीतल्या वस्तादांनी, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी, नव्या फिजिओंनी ते वाचावे अशी इच्छा आहे. शरीररचनेचे ज्ञान लागेल तिथे ते त्या त्या प्रकरणात दिले आहे. आधीपासून काही ठाऊक असण्याची गरज नाही. पुस्तक डॉक्टरांची जागा घेणार नाही, पण डॉक्टरांना नेमके काय विचारावे हे त्यातून कळेल.

वाचायला बसण्यापूर्वी एक वही जवळ घ्या. उद्या सकाळी पलंगावरून उतरून टाकलेल्या पहिल्या काही पावलांना शून्य ते दहांपैकी किती गुण द्याल, ते तिच्यात लिहा. परवा पुन्हा लिहा. आठवड्याने ते आकडे पाहिलेत, की तुमच्या हाताला सध्या माती पेलते, मीठ की दगड, हे तुम्हालाच दिसू लागेल. पहिले प्रकरण तिथून सुरू होते.

पुणे, विजयादशमी