लेप्टिन

मेदकोशिकांत (वसा साठविणाऱ्या कोशिकांत) तयार होऊन रक्तात मिसळणारे प्रथिनरूप हॉर्मोन. शरीरात वसेचा साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देणे, हे याचे मुख्य कार्य होय. ‘कृश’ या अर्थाच्या ‘लेप्टॉस’ या ग्रीक शब्दावरून हे नाव देण्यात आले आहे. याच्या रेणूत १४६ ॲमिनो अम्ले असतात. मानवात याचे जीन सातव्या गुणसूत्रावर असते. वसेचा साठा वाढला की रक्तातील लेप्टिन वाढते व साठा घटला की तेही घटते. रक्तावाटे मेंदूतील अधोथॅलॅमस या भागात पोहोचल्यावर ते तेथील ग्राहींशी बद्ध होते. त्यामुळे भूक वाढविणाऱ्या तंत्रिका कोशिकांचे कार्य मंदावते व तृप्तीशी निगडित असलेल्या कोशिका उद्दीपित होतात.

मेदकोशिका म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, असे दीर्घकाळ मानले जात असे. १९५० मध्ये अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एका उंदराच्या वंशात उत्परिवर्तन होऊन अतिशय लठ्ठ उंदीर निपजल्याची नोंद झाली. शरीर आपल्या वसेचे प्रमाण स्वतःच राखत असावे, अशी कल्पना १९५३ मध्ये जी. सी. केनेडी यांनी इंग्लंडमध्ये मांडली होती. मात्र ही वार्ता मेंदूपर्यंत कोण नेते, हे अज्ञात होते. त्याच प्रयोगशाळेत १९६६ मध्ये लठ्ठ व मधुमेही उंदरांचा दुसरा वंश आढळला. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदरांची शरीरे परस्परांना जोडून त्यांचे रक्त एकमेकांत मिसळेल अशी व्यवस्था केली. मधुमेही उंदराला जोडलेल्या निरोगी उंदराने खाणे सोडले व तो उपासमारीने मेला. पहिल्या वंशातील लठ्ठ उंदराचीही मधुमेही उंदराशी जोडल्यावर तीच गत झाली. तोच निरोगी उंदराशी जोडला असता मात्र बेताने खाऊ लागला. यावरून कोलमन यांनी असे अनुमान काढले की, पहिल्या वंशात तृप्तीचा रक्तस्थ घटक तयारच होत नाही आणि दुसऱ्यात तो विपुल असूनही त्याची दखल घेतली जात नाही. प्रयोग क्रूर खरा. परंतु इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक निष्कर्ष जीवविज्ञानात क्वचितच हाती आला असेल. लठ्ठपणा हा वर्तनाचा दोष होय, असे मानणाऱ्या अनेकांना तो बराच काळ पटला नाही.

हा घटक कोणता, याचा उलगडा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी डिसेंबर १९९४ मध्ये केला. त्यांनी पहिल्या वंशातील सदोष जीन व त्याचे मानवी प्रतिरूप शोधून काढले. पुढच्याच वर्षी लेप्टिनचा ग्राहीही सापडला आणि मधुमेही वंशातील दोष त्यातच असल्याचे दिसून आले. लेप्टिन टोचलेले लठ्ठ उंदीर झपाट्याने बारीक झाल्यामुळे लठ्ठपणावर रामबाण औषध मिळाले, असा गाजावाजा झाला. तो टिकला नाही. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून जास्तच असते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा व्यक्तींचे वजन लेप्टिनने फारसे घटले नाही. मेंदूने या संदेशाला पुरेसा प्रतिसाद न देण्याच्या या अवस्थेस ‘लेप्टिन-रोध’ म्हणतात; तिची कारणमीमांसा अद्याप अपुरी आहे.

ज्यांच्यात लेप्टिन मुळीच नसते, त्यांची गोष्ट निराळी. १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन चुलत भावंडांत हा जन्मजात दोष आढळला. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किग्रॅ. व दोन वर्षांच्या मुलाचे २९ किग्रॅ. होते. केंब्रिज येथे त्या मुलीला वर्षभर रोज लेप्टिन टोचल्यावर तिची अनावर भूक शमली व वजन सु. १६ किग्रॅ.नी उतरले. असे रुग्ण अत्यंत विरळा. पण ज्या भुकेला खादाडपणा म्हटले जात होते, ती एका रेणूच्या अभावामुळे होती, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले. शरीरातील वसा जवळजवळ नाहीशी होण्याच्या विकारावरही कृत्रिम लेप्टिन उपयुक्त ठरले असून त्याला जपानमध्ये २०१३ साली व अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली.

लेप्टिनचे खरे महत्त्व त्याच्या वाढण्यापेक्षा घटण्यात असावे, असे मत पुढे बळावले. उपासात ते त्वरेने उतरते. तेव्हा शरीर ऊर्जेचा व्यय कमी करते, अवटू ग्रंथीचे कार्य मंदावते व प्रजननक्षमता रोखून धरली जाते. फार कृश झालेल्या स्त्रियांची मासिक पाळी थांबते, त्यामागे हेही एक कारण आहे. १८७६–७८ चा दुष्काळ वा १९७२ चा अवर्षणकाळ आठवणाऱ्या महाराष्ट्राला या व्यवस्थेचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको.

भारतात मात्र टंचाई व अतिरेक शेजारी शेजारी नांदतात. मुंबई उपनगर जिल्ह्यातील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सु. १९ टक्के कृश, तर २४ टक्के अतिवजनी आढळल्या. हे आकडे वजन व उंची यांच्या गुणोत्तरावर आधारलेले आहेत. लेप्टिनचा संबंध वजनाशी नसून वसेशी आहे, आणि भारतीयांच्या बाबतीत हा फरक कळीचा ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा वजन-उंची निर्देशांक २२·३ असा तंतोतंत सारखा होता. परंतु शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांचे ९·१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१·२ टक्के भरले.

हा भेद किती लवकर सुरू होतो, हे याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींची पाहणी सुरू झाली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ., तर साउथॅम्प्टनमधील बालकांचे ३·५ किग्रॅ. होते. पुण्याकडील बालकांत स्नायू व उदरातील इंद्रिये लहान राहिली होती, त्वचेखालील वसा मात्र त्या मानाने टिकून होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्त तपासण्यात आले. पुण्याची बालके बरीच हलकी असूनही त्यांच्या रक्तातील लेप्टिन लंडनच्या बालकांच्या तोडीचे होते. या लेप्टिनमुळे पुढे मधुमेह उद्भवतो, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. ते गर्भावस्थेत साठलेल्या वसेचे गमक होय. सहा खेड्यांतील त्या बालकांची तपासणी त्यांच्या प्रौढ वयापर्यंत चालू ठेवण्यात आली आहे.