क्षाराची कुंडली

पौडात बोअरच्या पाण्यावर चालणारा गिझर खोला, कॉइलवर पांढरं, खरखरीत पूट धरलेलं दिसेल. प्लंबर ते टोकरून काढतो आणि 'पाणी जड आहे' म्हणून मोकळा होतो. पूर्वी हेच पूट बंबात धरायचं. याच मुळशी तालुक्यात डोंगरावरून नुकतंच उतरलेलं पावसाचं पाणी मात्र उलट स्वभावाचं. त्यात साबणाला लगेच फेस येतो, पण लोखंडी पाइपला ते गंज चढवतं.

कारण आपल्या काळ्या कातळात आहे. मातीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड उचलतं, त्या जोरावर बेसॉल्टमधला कॅल्शियम विरघळवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात वाहून नेतं. तापवलं की वायू उडून जातो आणि चुना खाली बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा चुना कमी. म्हणून माठ स्वच्छ राहतो आणि गिझर भरतो.

कुठलं पाणी पूट धरणार आणि कुठलं पाइप खाणार, हे आधी कसं ओळखायचं? थॉमस क्लार्क यांनी 1841मध्ये चुनाच घालून पाण्यातला चुना काढायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. पण ते झालं औषध, निदान नव्हे. पुढे जर्मनीत टिलमन्स यांनी पाण्यातल्या 'आक्रमक' कार्बोनिक आम्लाचा हिशेब मांडला. आज वापरात असलेला आकडा मात्र 1936चा, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगेलिअर यांचा. त्यांना चिंता पुटाची नव्हती, गंजाची होती. पाइपच्या आत चुन्याचा पातळ थर मुद्दाम धरू द्यावा, म्हणजे लोखंड वाचेल, असा त्यांचा विचार. ज्याला आपण शिव्या घालतो तोच क्षार त्यांना हवा होता!

त्यांची रीत सरळ आहे. कॅल्शियम, बायकार्बोनेट (त्याचं माप म्हणजे अल्कता), विरघळलेले एकूण क्षार आणि तापमान यांवरून, चुना ना विरघळेल ना बसेल असा सामू (pH) काढायचा आणि तो प्रत्यक्ष सामूतून वजा करायचा. उत्तर अधिक आलं तर पूट, उणे आलं तर चुन्याचा थर टिकत नाही.

नमुन्यादाखल बोअरचं पाणी घेऊ. कॅल्शियमची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅम, अल्कता 300, एकूण क्षार 500, सामू 7.5. 25 अंशांना उत्तर येतं अधिक 0.3, सामू तोच धरून 60 अंशांना जवळपास अधिक 1. कठीणता 20, अल्कता 30, क्षार 60 आणि सामू 7.2 असलेलं मऊ पाणी थंडच उणे 1.9 दाखवतं.

हा आकडा कल सांगतो, पूट किती जाड होईल ते सांगत नाही. ती उणीव भरायला 1944मध्ये रिझ्नर यांनी याच दोन सामूंची वेगळी वजाबाकी मांडली. तिच्या मते वरचं बोअरचं पाणी थंड असताना निरुपद्रवी, गिझरमध्ये मात्र पूट धरणारंच. पुढे लार्सन यांनी क्लोराइड आणि सल्फेटकडे बोट दाखवलं: ते भरपूर असतील तर लँगेलिअरचा आकडा चांगला येऊनही लोखंड गंजतं. मला तरी हा इशारा सगळ्यात कामाचा वाटतो.

एक पथ्य मात्र सगळ्यांनाच लागू. सामू विहिरीच्या काठावरच मोजायचा. बाटली अर्धी भरून पौडहून पुण्याच्या प्रयोगशाळेत नेली, तर वाटेत वायू निसटतो, सामू चढतो आणि पाइप खाणारं पाणीही कागदावर पूट धरणारं ठरू शकतं.