मुंबईत उतरायचं कुठं?

मराठीत 'उतरणं' हा शब्द मोठा बेरकी आहे. माणूस गाडीतून उतरतो, बोटीतून उतरतो, आणि एखाद्याकडे मुक्कामाला राहिला तरी 'कुठं उतरलात?' असंच त्याला विचारतात. सवर्ण पाहुण्याच्या बाबतीत या दोन उतरण्यांत फारसं अंतर कधी पडलं नाही. बोरीबंदरला गाडीतून उतरला की जातीची धर्मशाळा होती, जातीची खानावळ होती, नाहीतर गिरगावात मावसभावाची खोली होती. महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या पोराला मात्र पहिल्या उतरण्यापासून दुसऱ्या उतरण्यापर्यंत पोचायला कधी चार दिवस लागले, कधी पिढी गेली. मुंबईच्या इतिहासकारांनी गिरण्या मोजल्या, गोद्या मोजल्या. हे अंतर मोजायचं काम आपल्यालाच करावं लागणार.

मुंबईनं जात मोडली, असं आपल्याला भाषणांतून सांगतात. अर्धं खरं आहे. ट्राममध्ये, लोकलमध्ये शेजारच्याची जात विचारायला सवड नव्हती. इराण्याच्या हॉटेलात पैसे टाकले की चहा समोर येई, नाव-गाव कुणी पुसत नव्हतं. पण रस्त्यावरची मुंबई वेगळी आणि दाराच्या आतली मुंबई वेगळी. उंबरा आला की जात आली. शहरातला दानधर्म पाहा. हिराबाग जैनांची. मुसाफिरखाना हाजला जाणाऱ्यांचा. पारशांच्या धर्मशाळा पारशांसाठी. ज्यानं त्यानं आपल्या माणसाची सोय केली, त्यात पाप नाही. पण ज्या समाजाला गावात स्वतःच्या मालकीची हातभर जागा नव्हती, त्यानं मुंबईत धर्मशाळा कुठल्या पैशानं बांधायची?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. महाडचा १९२७ चा सत्याग्रह आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. त्याच्या मुळाशी बोले ठराव होता हेही माहीत आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, आणि ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. अर्थात कागदावर. पण बोले ठरावात नुसतं पाणी नव्हतं. सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्याच रांगेत 'धर्मशाळा' हा शब्द होता. सरकारी पैशानं बांधलेल्या, चालवलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असं त्याच ठरावात म्हटलं होतं. पाणी आपल्या इतिहासात आलं, धर्मशाळा आली नाही. का आली नाही?

मला वाटतं याचं उत्तर साधं आहे. तळ्यावर हजारो माणसं दिवसाढवळ्या एकदम जाऊ शकतात. मुक्कामाला माणूस एकटा जातो, रात्रीचा जातो, आणि जाऊन झोपतो. झोपलेल्या माणसाला सत्याग्रह कसा करता येणार? ओंजळभर पाणी प्यालं की हक्क बजावला. मुक्कामाचा हक्क बजावायचा तर सात-आठ तास डोळे मिटून शत्रूच्या घरात पडून राहावं लागतं.

हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर काढलं. १९१७ साली ते कोलंबिया आणि लंडन करून परत आले, आणि शिष्यवृत्तीच्या करारापोटी बडोद्याच्या नोकरीवर गेले. गाडी बडोद्याला पोचली. आता उतरायचं कुठं? हिंदूंच्या विशा होत्या, तिथं घेणार नाहीत हे ठाऊक होतं. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत गेले. रखवालदारानं सांगितलं, ही फक्त पारशांसाठी. मग रोज दीड रुपया भाडं, आणि वहीत नाव 'एदलजी सोराबजी'. वरच्या मजल्यावर एकटे. वीज नाही, एक कंदील, आणि भोवती वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिश्चन मित्र होता. दोघांकडेही सोय झाली नाही. मग कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीची गाडी धरून मुंबईला परत आले. ही हकिकत त्यांनी पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहिली. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. पुस्तिका आली १९९० साली. आपल्या चळवळीला महाड माहीत आणि बडोद्याची ती रात्र उशिरा कळली, त्याचं हेही एक कारण.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. बडोद्याहून ते परत आले ते कुठं? परळच्या चाळीत. मुंबईला आल्यावर रामजी सुभेदारांचं बिऱ्हाड आधी डबक चाळीत होतं. खोली एक. भीमराव लवकर झोपायचे, सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. जागा एकाच्या झोपेपुरती आणि झोपणारे दोघे! पुढं पोयबावाडीतल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या झाल्या, नंबर ५० आणि ५१. त्याच चाळीत शाहू महाराज त्यांना भेटायला आले. १९३४ च्या सुमारास 'राजगृह' बांधून होईपर्यंत चळवळीचा मुक्काम तिथंच. म्हणजे ज्या माणसाला बडोद्यात खोटं नाव लावूनही दीड रुपयाची जागा टिकवता आली नाही, त्याला मुंबईत स्वतःच्या नावावर दोन खोल्या मिळाल्या. मुंबईनं दिलेलं हे एवढं मात्र नाकारू नये.

ही सरकारी चाळींची कथाही थोडी उलगडायला हवी. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. माणसं मेली, उरली ती गावाकडं पळाली, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा सरकारला कळलं की कामगार मेला तर धंदा मरतो. १८९८ ला इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं जुन्या वस्त्या पाडल्या, थोड्या चाळी बांधल्या. नंतर १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी उठवल्या. एकट्या वरळीत १२१. मजल्यावर वीस खोल्या, चार मजले, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांचे मिळून. गरिबाच्या कळवळ्यानं यातलं काही झालेलं नाही. पण खासगी घरमालक जात विचारी, सरकारी कारकून भाडं विचारी. आपल्या माणसाला दुसरा प्रश्न परवडत होता.

अशा एकेका खोलीवर गाव उतरायचं. जुन्या माणसांना विचारून बघा, ते 'खोलीवर होतो' म्हणतात, 'घरी होतो' म्हणत नाहीत. कोकणातला माणूस बोटीनं भाऊच्या धक्क्याला लागायचा, घाटावरचा बोरीबंदर नाहीतर दादरला. काखेत वळकटी, खिशात पत्त्याची चिठ्ठी. खोली गावकीची. दहा-बारा माणसं, पण एका वेळी आडवी होणारी त्याच्या निम्मी. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर पडे. बाकीचे गॅलरीत, जिन्यात, पावसाळा नसेल तर फुटपाथवर. नव्यानं आलेल्याला नोकरी लागेपर्यंत कुणी पैसे मागत नसे. बदलीवर उभा राहा, जॉबरची मनधरणी कर, काम लागलं की मंडळाची वर्गणी दे. गिरणीत काम लागलं तरी विणकाम खातं आपल्याला बंद. धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा बाकीचे धरायला तयार नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. खात्यात वेगळं आणि चाळीतही वेगळं, पण त्या वेगळेपणातूनच आपली धर्मशाळा उभी राहिली. ट्रस्टी नाहीत, पाटी नाही, संगमरवरी दात्याचं नाव नाही.

या खोलीचा इतिहास पुरुष सांगतात, म्हणून त्यात एक बाई कायम गाळली जाते. खोलीवाल्याची बायको. दहा माणसांच्या भाकऱ्या तिनं थापल्या. दोन पाळ्यांचे दोन स्वैपाक, नळावरची रांग, सगळ्यांची धुणी. ती झोपायची कुठं? मोरीजवळ, सगळे पडल्यावर, आणि उठायची सगळ्यांच्या आधी. मंडळाच्या अहवालात वर्गणी देणाऱ्यांची नावं असतात, तिचं नाव मी तरी कुठं वाचलेलं नाही.

सगळ्यांनाच खोली मिळाली असंही नाही. वाटेगावहून अण्णा भाऊ साठ्यांचं कुटुंब मुंबईला पायी चालत आलं, त्यांना गाडीतून उतरण्याचा प्रश्नच पडला नाही. पुढं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) कावाखानाही असाच, शहराच्या पोटात आणि शहराच्या हिशेबाबाहेर.

पोरं शिकायला लागली तेव्हा खोली पुरेना. पाळीच्या झोपेत अभ्यास होत नाही. बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखलं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ला निघाली आणि ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. आधी देऊळ नाही, आधी वसतिगृह! गाडगेबाबांनी पंढरपूरला बांधलेली चोखामेळा धर्मशाळाही १९४९ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे आली. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार झालं. तिथं ज्याच्या नावावर कॉट तो एक, आणि त्याच्या आसऱ्यानं राहणारे 'पॅरासाइट' किती, याचा हिशेब रेक्टरलाही लागत नसे. १९७२ च्या पँथरची चर्चा कुठं कुठं झाली त्या जागांत हे वसतिगृह येतं. ज्यांना राहायला जागा नव्हती ती पोरं एका कॉटवर तिघं बसून रात्रभर बोलली, त्यातून काय निघालं ते तुम्ही जाणताच. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली तेव्हा चाळ कुणाची, कुठली, हे दगड मारणाऱ्यांना बरोबर माहीत होतं. सरकारी कारकुनानं न विचारलेली जात शेजाऱ्यानं मोजून ठेवली होती.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना सगळं आलं. 'हॉटेल' या शब्दात लॉजिंग-बोर्डिंगही धरलं. १९७६ ला त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. आज लॉजवर आधारकार्ड दाखवलं की खोली मिळते, पैसे असले की मिळते. पण लॉज म्हणजे दोन रात्री. भाड्यानं घर घ्यायला जा, दलाल फोनवर आडनाव विचारतो, मग 'नॉनव्हेज खाता का?' विचारतो. दुसरा प्रश्न म्हणजे पहिलाच प्रश्न. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात निकाल दिला की संस्थेला आपलं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं. बडोद्याची धर्मशाळा आठवते का? तिथल्या रखवालदाराचं म्हणणं हेच होतं, फक्त त्याच्याकडे निकालपत्र नव्हतं.

आता ६ डिसेंबर. १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला, १९७१ ला चैत्यभूमीचा स्तूप झाला. दरवर्षी लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, परराज्यांतून, लुगड्याच्या पदरात भाकरी बांधून. महापालिका शिवाजी पार्कात मंडप घालते, नळ, संडास लावते. तरी बरीच माणसं मातीवरच पथारी पसरतात. त्या दोन रात्री मुंबईतली सगळ्यात मोठी धर्मशाळा शिवाजी पार्क असतं, आणि तिथं जात विचारून कुणाला उठवत नाहीत. आजूबाजूच्या इमारतींतून कचऱ्याची तक्रार येते. या माणसांनी उतरावं कुठं, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनी केल्याचं ऐकिवात नाही.

बीडीडी चाळी आता पडताहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ भाडेकरूंना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, आत संडास, लिफ्ट. चांगलं झालं, माणसानं माणसासारखं राहावं. पण लिफ्टच्या खाली रजिस्टर घेऊन वॉचमन बसतो, आणि गॅलरी उरलेली नाही. तेव्हा चाळ पाडायच्या आधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे जा. कुठल्या सालात आलात, कुठल्या चाळीत, खोली नंबर काय, खोलीवर किती माणसं होती, भाकरी कोण करायचं, एवढं विचारा. भाकरी करणाऱ्या बाईचं नाव आधी लिहा.